डोंगर विकायचा की राखायचा?

आपल्या मराठी मंडळाच्या ई-अंकासाठी दरवर्षी 'माझा गाव' या विषयावर भरपूर लेखन येतं. दोन वर्षं मी संपादन समितीत आहे, त्यामुळे ते सगळं वाचायची संधी मिळते. त्यात हिरवागार डोंगर असतो, खळाळणारा ओहोळ असतो, आजीच्या हातची नाचणीची भाकरी असते. शेवटच्या कडव्यात कवी कुठल्यातरी फ्लॅटमध्ये बसून त्या गावाची आठवण काढत असतो. या कवितांना मी नावं ठेवत नाही, त्यातल्या काही खरंच चांगल्या असतात. पण त्या डोंगरावर यंदा काजू किती आला, बियांना दर काय मिळाला, रानडुकरांनी भात किती लोळवलं आणि मुख्य म्हणजे तो डोंगर अजून गावातल्याच माणसाच्या नावावर आहे का, हे कुणीच लिहीत नाही. हे लिहिणंही साहित्य मंडळाचंच काम आहे असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली डोंगराळ शेतकरी गावं रिकामी होत चालली आहेत, आणि त्याला 'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत' हे कारण नाही. ते कारण सभांमधून ऐकायला बरं वाटतं, कारण त्यात कुणालाच काही करावं लागत नाही. खरी कारणं अगदी साधी आहेत: जमिनीचा कागद, पिकाची राखण आणि यायला-जायला बस. ही तिन्ही सुधारता येण्यासारखी आहेत. सुधारली नाहीत, तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याला डोंगर फक्त कवितेतच बघावा लागेल.

गोवा म्हणजे नुसता समुद्र नव्हे

गोवा म्हटलं की बाहेरच्यांना किनारा दिसतो, आणि हल्ली आपल्यालाही तोच दिसायला लागलाय. २०११ च्या जनगणनेत गोव्याची सुमारे ६२ टक्के लोकसंख्या शहरी ठरली. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा हे प्रमाण जास्त होतं. त्या वेळी पेडणे तालुक्यात सुमारे ७६ हजार आणि डिचोलीत सुमारे ९८ हजार माणसं होती. पण एका तालुक्याच्या आतसुद्धा दोन जगं आहेत. पेडण्यात हरमल, मांद्रे, मोरजी एका बाजूला, आणि हणखणे, इब्रामपूर, हसापूर, चांदेल, कासारवर्णे, तांबोसे, उगवे दुसऱ्या बाजूला. डिचोलीत मेणकुरे, धुमासे, लाटंबार्से, साळ. आमच्याकडचे डोंगर सह्याद्रीच्या कड्यांसारखे उंच नाहीत. वर जांभ्या दगडाचा सडा, उतारावर काजू, घळीत झऱ्याच्या पाण्यावर सुपारी-नारळाचं कुळागर आणि तळाशी भाताचे चिंचोळे कुणगे. एकाच घराची जमीन या चारही पायऱ्यांवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली.

पूर्वी हा विखुरलेपणाच आधार होता. फेब्रुवारी ते मे काजू. मृगाचा पाऊस पडला की सरद भात, वरच्या उतारावर नाचणी-वरी. पावसाळाभर सड्यावर भेंडी, दोडकी, काकडी, चिबूड. चवथीच्या आधी माटोळीचं सामान: रानातली फळं, फुलं, सुपारीचे घोस. त्यांच्या विक्रीतून आमच्या भागातल्या कितीतरी बायकांचा सणाचा खर्च निघतो. जिथे पाटाचं पाणी पोचतं तिथे हिवाळ्यात वायंगण. एक पीक गेलं तर दुसरं हात देत असे. एकाच पिकावर सगळा जुगार खेळायची सवय आमच्या माणसांना कधी नव्हतीच.

आता मात्र आमच्यासारख्या बहुतेक घरांत रोकड देणारं पीक एकच उरलंय, काजू. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड इतकं आपलं झालं की आमच्या आजीला ते परकं होतं हे सांगूनही पटत नाही. काजूचा हंगाम म्हणजे पहाटे उठून डोंगर गाठायचा, खाली पडलेले बोंडू वेचायचे, बी पिळून वेगळी करायची, बोंडू कोळंबीत घालून मळायचे, नीरो काढायचा आणि भट्टीवर हुर्राक उतरवायचा. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाचा कागद पणजीत आणि वेचणारी कंबर डोंगरावर, अशी ती विभागणी आहे. आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या काजूमुळे बियांचा दर पडतो, सरकार आधारभूत किंमत जाहीर करतं, बागायतदार संस्था खरेदी करते. हे सगळं आहे. तरी बाबांच्या वहीतला हिशेब सांगते: चार वर्षांपूर्वी आमच्या उतारावर अकरा क्विंटल बी झाली, गेल्या वर्षी सहा. झाडं म्हातारी झालीत, मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस येतो आणि वेचायला माणूस मिळत नाही. याच पैशांतून माझी फी गेली आहे, हे मी विसरू शकत नाही.

कागद

आमचा डोंगर अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन चौदा वर्षं झाली. एक-चौदाच्या उताऱ्यावर त्यांचं नाव, आणि वारस म्हणाल तर बाबा, दोन काका, तीन आत्या. गोव्याच्या कायद्याप्रमाणे मुलींना समान वाटा आहे, आणि नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जात असल्याने प्रत्येकाच्या जोडीदाराची सहीसुद्धा लागते. हा कायदा चांगलाच आहे. आत्यांचा वाटा कायद्यानं शाबूत राहतो याचा मला, एक मुलगी म्हणून, अभिमान आहे. प्रश्न कायद्याचा नाही. वाटणीची 'इन्व्हेंटरी' करायला वकील, वेळ आणि पैसा लागतो, आणि सहा घरं एका दिवशी एका ठिकाणी जमत नाहीत, हा प्रश्न आहे. त्यामुळे जुनी झाडं काढून नवी कलमं लावायला अनुदान हवं असेल, विहिरीसाठी कर्ज हवं असेल, तर कागद अडतो.

आणि गंमत बघा. दोन वर्षांपूर्वी एक 'पार्टी' आली. आमच्याकडे जमीन घेणाऱ्याला 'पार्टी' म्हणतात, त्याला नाव-गाव नसतं. त्यांच्या माणसानं सांगितलं, सह्यांची काळजी करू नका, मुंबईच्या आत्याकडे आम्ही जाऊन येऊ, वकील आमचा. म्हणजे डोंगर विकायला सगळ्यांच्या सह्या एका महिन्यात मिळू शकतात, आणि त्याच डोंगरावर विहीर खणायला चौदा वर्षांत मिळत नाहीत. शेती का सुटते याचं उत्तर मला या एका गोष्टीत जेवढं सापडलं, तेवढं कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

ही आमच्या एकट्या घराची कहाणी नाही. मुक्तीनंतर गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ चा मुंडकार कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीनं कसेल त्याची जमीन हे तत्त्व आलं. हे कायदे झाले नसते तर आज आपल्यातले कितीतरी जण कॉलेजात नसते. पण पन्नास वर्षं झाली तरी अनेक कुळांचे आणि मुंडकारांचे खटले मामलेदाराच्या टेबलावर फिरताहेत. मयेच्या लोकांनी तर स्थलांतरितांच्या मालमत्तेच्या प्रश्नात पिढ्या घालवल्या. २०१४ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. दुसरीकडे, कूळ लागेल या भीतीनं मालक आपली पडीक जमीन कुणाला खंडानंही देत नाही. जमीन आहे पण कसणारा नाही, कसणारा आहे पण जमीन नाही. दोघांच्या मध्ये गवत वाढतं, आणि गवत वाढलं की 'पडीक आहे, विकून टाका' म्हणणारा हजर होतो.

राखण

दुसरं कारण जनावरांचं. रानडुक्कर, माकडं, साळ, मोर आणि आता गवेसुद्धा. पूर्वी भात पिकलं की मांगरात माणूस झोपायचा, डबे वाजवायचा, शेकोटी पेटवायचा. एकाच्या हाकेला दुसऱ्या शेतातून हाक यायची. आज दहा कुणग्यांतला एक पेरलेला असतो, त्यामुळे सगळी जनावरं त्या एकावर तुटून पडतात. पेरणारा शहाणा असेल तर पुढच्या वर्षी तोही सोडतो. तिळारीच्या खोऱ्यात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आले आणि दोडामार्गच्या बागायतदारांची झोप उडाली. २०२५ च्या सप्टेंबरात त्यांतलाच 'ओंकार' हत्ती पेडण्यात मोपा-तांबोसे भागात उतरला. समाजमाध्यमांवर त्याचे व्हिडिओ हजारोंनी बघितले. त्याच्या पायाखाली काय होतं हे किती जणांनी बघितलं? कापणीला आलेलं भात, केळी, माड.

हत्तीला मी दोष देत नाही. जंगल तुटलं की तो चालणारच. पण नुकसानभरपाईसाठी अर्ज, फोटो, पंचनामा, पुन्हा उतारा आणि उताऱ्यावर पुन्हा मेलेल्या आजोबांचं नाव! कागद आणि राखण हे दोन प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

बस

तिसरं कारण ऐकून कुणी हसेल, पण मला ते सर्वांत मोठं वाटतं. आमच्या वाड्यावर संध्याकाळची शेवटची बस पकडायची तर म्हापशाहून साडेपाचला निघावं लागतं. मंडळाच्या एकांकिकेची तालीम सुरू होते पाचला. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीला वाटतं मला नाटकाची आवड नाही. मुलगे दुचाकी घेतात आणि रात्रीच्या वळणांवर जीव धोक्यात घालतात. मुलींना घरचे म्हणतात, म्हापशाला किंवा पर्वरीला खोली घेऊन राहा. एकदा खोली घेतली की पहाटे काजू वेचायला हात कुठून येणार? शेती आणि नोकरी दोन्ही करणारी माणसं गावात टिकू शकतात, आमच्या कितीतरी घरांत तसंच चाललं होतं. पण त्यासाठी सकाळी डोंगर करून नऊला कामावर आणि रात्री आठला घरी पोचता आलं पाहिजे. गाव सोडायचा निर्णय कुणी ठरवून घेत नाही, बसच्या वेळापत्रकानं तो आपोआप घेतला जातो.

डिचोलीचा धडा

आता कुणी म्हणेल, शेतीचं एवढं काय घेऊन बसलीस, उद्योग आले की सगळं ठीक होतं. त्यांनी डिचोलीकडे बघावं. शिरगाव, मये, मुळगाव, पिळगाव या गावांनी खाणीचा पैसा जवळून बघितला. ट्रक घेतले, घरं बांधली, मुलं शिकली. हे खोटं नाही, आणि त्या पैशाला नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. पण त्याच काळात पावसाबरोबर खाणीची लाल माती शेतात उतरली, विहिरींचं पाणी खाली गेलं, आणि रोज रोकड मिळतेय म्हटल्यावर भाताकडे कुणी वळून बघितलं नाही. मग २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे परवानगी मिळाली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. दारात कर्जाचा ट्रक उभा आणि शेतात माती, अशी माणसं मधल्यामध्ये लोंबकळली. २०२२ च्या अखेरीस लिलाव झाले, काही ठिकाणी यंत्रं पुन्हा फिरू लागली. खाण पुन्हा सुरू करता येते. मातीखाली गेलेली शेतजमीन पुन्हा शेत करायला मात्र कुणी लिलाव पुकारत नाही.

डिचोलीचा धडा 'उद्योग नको' असा मी घेत नाही. एक उत्पन्न आलं म्हणून दुसरं मोडून टाकू नये, हा तो धडा. सड्यावर भाजी, उतारावर काजू, तळाला भात करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांना तो माहीत होता.

मोपा आल्यावर

पेडण्यात आज तीच परीक्षा सुरू आहे. मोपाच्या पठारावर दोन हजार एकरांहून जास्त जागेत विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं. धारगळला आयुर्वेद संस्था आली. माझा एक चुलतभाऊ विमानतळावर कामाला आहे, त्याच्या पगारावर त्याचं घर चालतं, आणि त्याला मी 'तू डोंगराचा गुन्हेगार आहेस' असं सांगणार नाही. काही मित्र मोपाला सरळ शिव्या घालतात, काही त्याला सरळ देव मानतात. दोघांनाही पठारावरच्या धनगरांची गुरं कुठे चरायची आणि आता ती कुठे चरतात, हे विचारा. बहुतेकांना सांगता येणार नाही.

विमानतळापेक्षा मला त्याच्या भोवतालची जास्त काळजी वाटते. पठारावर काय झालं ते निदान सगळ्यांनी बघितलं, न्यायालयात त्यावर वाद झाले. भोवतालचे उतार मात्र गुपचूप, एकेक सर्व्हे नंबर करत जाताहेत. गोव्यानं २०२३ साली शेतजमिनीचं हस्तांतरण रोखणारा कायदा केला ही चांगली गोष्ट झाली, पण तो भातशेतीपुरता आहे. काजूचा डोंगर त्यात येत नाही. आणि नगरनियोजन कायद्याच्या २०२४ च्या ३९-अ कलमानं तर एकेकट्याच्या अर्जावर झोन बदलायची वाट मोकळी केली. म्हणजे तळाचा कुणगा राखलेला आणि त्याला पाणी देणारा वरचा डोंगर उघडा. डोंगर कापला की झरा आटतो, झरा आटला की कुळागर जातं, मग भाताचा तो राखलेला कुणगाही आपोआप पडीक होतो. हे समजायला भूगोल विषय घ्यावा लागत नाही, आमच्या कुणाही म्हातारीला विचारा.

बाली आणि फ्लोरेस

असाच प्रश्न दुसरीकडे कुणाला पडलाय का हे शोधताना मी इंडोनेशियाबद्दल वाचत गेले. त्या देशाशी आपलं एक जुनं नातंही निघालं. तिथल्या फ्लोरेस बेटाचं नाव पोर्तुगिजांनी ठेवलेलं आहे, 'फुलं' या अर्थाचं. बेटावरचे बहुतेक लोक कॅथलिक, आणि लारांतुका गावातली पवित्र आठवड्याची मिरवणूक पोर्तुगीज काळापासून चालत आलेली. देवळाला, म्हणजे चर्चला, ते 'गेरेजा' म्हणतात, आपण 'इगर्ज' म्हणतो. तिथेही उतारांवर काजू पिकतो!

त्याच बेटाच्या पश्चिमेला समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच डोंगरात वाए रेबो नावाचं एक लहानसं शेतकरी गाव आहे. तिथे पोचायला डोंगर चढून जावं लागतं. गवतानं शाकारलेली सात शंकूसारखी घरं, भोवती कॉफीचे मळे. ती घरं मोडकळीला आली होती. गावकऱ्यांनी बाहेरच्या वास्तुविशारदांची मदत घेऊन, पण आपल्याच हातांनी आणि आपल्याच पद्धतीनं ती पुन्हा उभी केली. २०१२ साली युनेस्कोनं आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-जतनाचा पुरस्कार त्यांना दिला. पाहुणे येतात, गावाच्याच घरात चटईवर झोपतात, आणि त्यांचे पैसे गावाच्या संस्थेकडे जमा होतात. सगळं गोड आहे असं नाही. शाळेसाठी मुलांना खालच्या गावात राहावं लागतं, कॉफी पाठीवरून उतरवावी लागते. पण गाव कुणी विकत घेतलेलं नाही. पाहुणा येतो, राहतो आणि निघून जातो, जमीन गावाचीच राहते.

त्याच देशात बाली आहे. तिथली 'सुबाक' ही पाणीवाटपाची शेतकऱ्यांची संघटना शेकडो वर्षं जुनी. पाणी मंदिरातून खाली उतरतं आणि पायरीपायरीनं प्रत्येकाच्या शेताला मिळतं. तिलाही २०१२ सालीच जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आणि त्याच बालीत पर्यटनाच्या पैशापुढे भातशेती तुकड्यातुकड्यानं व्हिलांखाली जातेय. वारशाचा फलक लागला म्हणून शेत वाचत नाही.

पेडण्यात दोन्ही आहेत. किनाऱ्यावर आपली बाली कधीच झाली. डोंगरात मात्र वाए रेबोसारखं काही अजून करता येईल. आपल्याकडेही गावकरी होती, बांध-पाट एकत्र राखायची रीत होती. ती काही इंडोनेशियातून आयात करायला नको.

शाळा आणि शब्द

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर मूळचे पेडण्याचे. त्यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि आमच्या आधीच्या दोन पिढ्या त्या शाळांमुळे लिहित्या-वाचत्या झाल्या. आज त्यांतल्या कितीतरी शाळांत पट इतका खाली आलाय की त्या बंद होताहेत किंवा शेजारच्या शाळेत मिसळल्या जाताहेत. आपण मराठी मंडळात यावर हळहळतो, ठराव करतो. पण शाळा मुलांविना चालत नाही, आणि मुलं आईबापांविना गावात राहत नाहीत, आणि आईबाप उत्पन्नाविना राहत नाहीत. मराठी शाळेचा प्रश्न हा काजूच्या दराचा आणि बसचाही प्रश्न आहे. भाषा फक्त संमेलनात टिकत नाही.

शेत गेलं की त्याच्याबरोबर शब्दही जातात. सरद, वायंगण, कुणगा, मांगर, कोळंबी हे शब्द मी वर वापरले. आपल्या वर्गातल्या किती जणांना त्यांचा अर्थ न विचारता कळला, हे प्रत्येकानं स्वतःशी बघावं. सणांचंही तसंच. आपल्या कॉलेजात आपण सगळे शिकतो. ऑगस्टात ताळगावसारख्या गावांत कणसांचं फेस्त होतं, नव्या कणसांना आशीर्वाद दिला जातो. आमच्याकडे चवथीच्या दिवसांत नवं होतं, भाताची कणसं दाराला बांधतात. देव दोन असतील, कणीस एकच आहे. ते कणीस बेळगावच्या भाजीबरोबर ट्रकनं येऊ लागलं, तर दोन्ही सण नुसते फोटोपुरते राहतील.

मग करायचं काय?

नुसतं रडगाणं गाऊन लेख संपवायचा नाही. मला चार गोष्टी मागायच्या आहेत.

एक, वाटणीच्या आणि कूळ-मुंडकारांच्या कामासाठी मामलेदार, नोटरी आणि वकील यांनी पंचायतीत येऊन शिबिरं घ्यावीत. आत्या मुंबईहून चवथीला येतातच. तेव्हाच सह्या झाल्या तर चौदा वर्षांचं काम चार दिवसांत होईल.

दोन, भातशेतीला दिलेलं संरक्षण काजूच्या उतारांना आणि झऱ्यांच्या माथ्यालाही मिळावं. आणि नुसती बंदी नको. मालकाला कूळ लागण्याची भीती न राहता ठरावीक वर्षांसाठी जमीन कसायला देता येईल, असा सोपा करार हवा. विकू नका म्हणणाऱ्यानं कसायची सोय करून द्यायला हवी.

तीन, राखण एकट्यानं होत नाही. कुंपणाचं अनुदान एकेका घराला देण्याऐवजी सगळ्या कोंडाला मिळून द्यावं, आणि भरपाई उताऱ्यावरच्या नावाला नाही तर प्रत्यक्ष पेरणाऱ्याला मिळावी.

चार, रात्री आठची बस. यापेक्षा स्वस्त ग्रामविकास योजना मला तरी सुचत नाही.

आणि आपण विद्यार्थ्यांनी? शेतीत शिक्षण नाही ही समजूत आधी सोडूया. गोव्यातलं पहिलं कृषी महाविद्यालय २०१५ साली सुळकर्णेत डॉन बॉस्को संस्थेनं सुरू केलं. तिथे शिकलेली मुलं आपल्यापेक्षा कमी शिकलेली नाहीत. आपल्या मंडळानंही दरवर्षी एक कवितावाचन कमी करून एक दिवस काजूच्या डोंगरावर घालवावा. वेचायला हात लागतील आणि म्हाताऱ्या माणसांचे शब्द उतरून घेता येतील. त्यातून निघालेली कविता मी स्वतः अंकात पहिल्या पानावर घेईन.

ती पार्टी पुन्हा येणार आहे, या मेमध्ये. बाबा म्हणतात, "आदीं दोंगर आमकां पोसतालो, आतां आमी दोंगराक पोसतांव." त्यांचं वय साठ आहे, गुडघे दुखतात, आणि हिशेब त्यांच्या बाजूनं आहे. त्यांनी विकायचं ठरवलं तर त्यांना दोष देणारी मी कोण? विकणाऱ्याला दोष देणं फार सोपं असतं. मी त्यांच्याकडे एकच मागणी केली आहे: एक वर्ष द्या. या चवथीला तिन्ही आत्यांना आणि दोन्ही काकांना एका चटईवर बसवून इन्व्हेंटरीच्या कागदावर सह्या घेते. निम्म्या उतारावरची जुनी झाडं काढून कलमं लावूया. उरलेल्या अर्ध्यावर काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवूया. बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

तुमच्याही घरी असा एखादा उतारा असेल. कपाटातून काढून बघा, त्यावर कुणाचं नाव आहे ते.